हुशार मुलांचा ट्रेलर

मार्लिस ड्वोराकच्या वर्गाचं नाव होतं ‘झेप’, आणि त्या वर्गात उडी मारायला सक्त मनाई होती. वर्ग भरायचा शाळेमागच्या मैदानात उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या एका लांबट खोलीत. एखाद्या पोराने जरा जोरात पाय आपटला की अख्खी खोली होडीसारखी डुलायची आणि फळ्याखालचे खडू घरंगळत कोपऱ्यात जाऊन बसायचे. ट्रेलर तात्पुरता आणलेला होता. त्या तात्पुरत्या काळात तिथे शिकून गेलेल्या मुली आता आपापल्या पोरांना सोडायला फाटकाशी येत.

झेप म्हणजे आमच्या गावच्या सरकारी शाळेतला हुशार मुलांचा वर्ग. दुसरीत सगळ्या मुलांची एक परीक्षा व्हायची. चित्रं, आकडे, कोडी, आणि डोक्यावर टिकटिकणारं घड्याळ. त्यात जी अगदी वरच्या टोकाला येतील ती तिसरीपासून मार्लिसकडे यायची. जी येणार नाहीत, पण ज्यांच्या आईबापांचा त्यावर विश्वास बसणार नाही, ती शहरातल्या एका खासगी मानसशास्त्रज्ञाकडे पुन्हा परीक्षा द्यायची. या गृहस्थांच्या हातून आजवर एकही मूल सामान्य निघालं नव्हतं. मार्लिस त्यांना पाद्रीबुवा म्हणायची, कारण त्यांच्याकडे गेलेलं प्रत्येक लेकरू पावन होऊनच परत येई.

असं ती म्हणायची खरी, पण या डुगडुगत्या खोलीवर तिचा जीव होता. तिथे ती मुलांना पूल बांधायला लावायची, गुप्त लिपी शोधायला लावायची, कधी तासभर नुसते वाद घालायला लावायची. शाळेतल्या इतर शिक्षिकांना पाठ्यपुस्तकातलं पान चुकवायची सोय नव्हती, आणि मार्लिसकडे पाठ्यपुस्तकच नव्हतं. त्या हिवाळ्यात शाळा मंडळाला अचानक प्रश्न पडला की हा वर्ग हवाच कशाला. मंडळाला प्रश्न पडला की ते बाहेरून तज्ज्ञ बोलावतं. तज्ज्ञाने ‘नको’ म्हटलं तर जूनमध्ये शाळेचं वर्ष संपताच झेपला कुलूप लागणार होतं आणि मार्लिसची रवानगी बालवाडीत होणार होती. पोरांची नाकं पुसायला तिची ना नव्हती, पण पंचवीस नाकं पुसून झाल्यावर गुप्त लिपीला वेळ उरत नाही.

आता इथे आमच्या शाळेच्या वारांबद्दल सांगायलाच हवं. आमची शाळा सोमवार-मंगळवार मानत नाही. आमच्याकडे बहुतेक सार्वजनिक सुट्ट्या सोमवारी येतात, आणि मग सोमवारी ज्यांचा खेळाचा तास असतो ती पोरं वर्षभर बोंबलतात. म्हणून शाळेने आपले सहा वार काढले आहेत, ए पासून एफ पर्यंत. आज ए, उद्या बी, आणि एफ झाला की पुन्हा ए. हे छान चालतं, बर्फ पडेपर्यंत. एरी सरोवरावरून हिमवादळ येतं, शाळा बंद पडते, आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न उभा राहतो, काल डी होता तर आज काय? अक्षर जागीच थांबतं की पुढे सरकतं? यावर आमच्या शाळेत दोन पंथ आहेत. एक थांबेवाला, एक सरकेवाला. दोन्ही पंथांत शिकलेली माणसं आहेत, आणि दोघांचंही म्हणणं असं की दुसऱ्यांनी परिपत्रक नीट वाचलेलं नाही.

मैदानात ट्रेलर दोन होते. पहिल्यातला हीटर चालायचा. दुसऱ्यातला हीटर नुसता आवाज करायचा आणि जळक्या मोज्यांचा वास सोडायचा. या दोन ट्रेलरांची दुसरी वाटेकरी युनिस टॉलिव्हर. वाचनात मागे पडलेल्या मुलांना ती शिकवायची. मार्लिसची ती जुनी मैत्रीण, अंगाने भारदस्त आणि जिभेने त्याहून. दोघींनी आपसात ठरवून टाकलं होतं की डी दिवशी ऊब मार्लिसच्या मुलांना आणि ई दिवशी युनिसच्या. तिसरीच्या वर्गशिक्षिका दिवस बघून मुलांना त्या-त्या ट्रेलरकडे पाठवायच्या. इतका साधा न्याय शाळेत दुसरा नव्हता.

तज्ज्ञ यायचे होते डी दिवशी. त्या दिवशी कमरेइतका बर्फ पडला आणि शाळा बंद राहिली. तज्ज्ञ हायवेवरच्या मोटेलमध्ये अडकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाले. डॉ. लेलँड स्प्रॅग हे त्यांचं नाव. उंच, स्वच्छ, पायात कोरे करकरीत बर्फाचे बूट. दुपारी त्यांना राज्याच्या राजधानीत परतायचं होतं, म्हणून दोन दिवसांचं निरीक्षण एका तासावर आलं होतं.

“मार्लिस, तुझ्या पाया पडतो, आज सगळं सुरळीत होऊ दे,” मुख्याध्यापक डेल हफनेगल म्हणाले. ते पूर्वी कवायत शिकवायचे आणि अजूनही घाबरले की शिट्टी चाचपायचे. “गोंधळ नको. त्यांना गोंधळ अजिबात खपत नाही असं ऐकलंय.”

“डेल, आज कुठला दिवस?”

“मी पहाटे सगळ्यांना फोनवर निरोप पाठवला की.”

“निरोपात ‘आज नेहमीप्रमाणे’ एवढंच आहे.”

“मग झालं तर,” हफनेगल म्हणाले आणि निघून गेले.

मार्लिस आणि युनिस दोघी कट्टर थांबेवाल्या. म्हणून मार्लिस पहिल्या ट्रेलरमध्ये ऊब करून बसली आणि युनिस दुसऱ्यात कोट घालून. तिसरीच्या शिक्षिका मात्र सगळ्या सरकेवाल्या. दहाच्या ठोक्याला दार उघडलं, थंडीचा झोत आत आला, आणि मागोमाग आली युनिसची मुलं.

मार्लिसला हे कळायला चेहरे बघायचीही गरज नव्हती. झेपची मुलं दारातूनच बोलत यायची. ही गुपचूप आली, बूट ओळीत काढून ठेवले आणि भिंतीला लागून उभी राहिली. कुणीतरी ओरडेल म्हणून आधीच उभी राहावीत तशी.

“डॉक्टर, एक मिनिट,” मार्लिस म्हणाली. “जरा घोटाळा…”

डॉ. स्प्रॅगनी मागच्या खुर्चीतून हात वर केला. “मी इथे नाहीच असं समजा. माझ्याशी एक अक्षरही बोलू नका. त्याने निरीक्षण दूषित होतं.”

मार्लिसने खिडकीतून पाहिलं. बाहेर बर्फात उभे राहून हफनेगल ‘छान चाललंय’ म्हणून अंगठा वर करत होते. मुलं बदलायची म्हणजे अकरा जणांचे बूट, अकरा कोट, बावीस हातमोजे, आणि पलीकडून तेवढेच पुन्हा. अर्धा तास तिथेच जाणार आणि हा माणूस ‘गोंधळ’ एवढंच लिहून मोटारीत बसणार. तिने स्वतःला सांगितलं की मुलांना ताटकळत ठेवणं बरं नाही. खरं कारण असं की ती घाबरली होती.

“आज तुम्ही?” एका मुलीने विचारलं. ही ओडेट हॅझलिप. आठ वर्षांची, केसांना रबर, स्वेटरची बाही चावून चावून सैल झालेली.

“आज मी.”

“वाचायचंय?”

“नाही.”

“लिहायचंय?”

“तेही नाही.”

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. झेपची मुलं कुठल्याही कामाआधी ‘याला मार्क आहेत का’ असं विचारायची. या मुलांनी काहीच विचारलं नाही. एक पोरगा तर पटकन मांडी घालून बसूनही गेला, न जाणो बाईंचं मत बदललं तर.

मार्लिसने जमिनीवर रंगीत टेप चिकटवून गाव केलं. रस्ते, चौक, टोकाला पंपाची खोली. “ही बर्फ ढकलायची गाडी,” तिने एक जोडा उचलून दाखवला. “गाडीने प्रत्येक रस्ता साफ करायचा. पण एका रस्त्यावरून दोनदा जायचं नाही. सुरुवात कुठूनही करा.”

पहिलं गाव सोपं होतं, ते झालं. मग तिने दुसरं केलं आणि तिथे मारामारी सुरू झाली. पोरं टेपवरून चालू लागली. एक जण दोन रस्ते राखून अडकला. दुसऱ्याने त्याला बाजूला ढकललं आणि तो दुसऱ्याच चौकात अडकला. “तू डावीकडे वळायला हवं होतंस रे येड्या!” “तूच वळून दाखव ना मग शहाण्या!” तिसरी एक मुलगी उलट्या बाजूने निघाली, कारण तिच्या मते गाडीला मागेही जाता येतं. ट्रेलर डुलत होता. डॉ. स्प्रॅग खुर्ची घट्ट धरून लिहीत होते.

ओडेट उभी राहिली नाही. ती जमिनीवर बसून बाही चावत चौकांकडे बघत होती. मग म्हणाली, “हे होणारच नाही. तुम्ही आम्हाला फसवताय.”

“का बरं?”

“गाडी चौकात एका रस्त्याने येते, दुसऱ्याने जाते. जोडी लागते. या चौकात तीन रस्ते आहेत. एकाला जोडीदारच नाही. इथे ती अडकणार म्हणजे अडकणार.”

“असा एकच चौक आहे का?”

ओडेट गुडघ्यांवर रांगत सगळं गाव फिरली. “चार. दोन असते तर चाललं असतं. एकात सुरू करायचं, दुसऱ्यात संपवायचं. चारांचं काही होत नाही.” मग तिने न विचारता टेप उचलली आणि त्यातल्या दोन चौकांमध्ये सरळ एक नवा रस्ता चिकटवला. “आता जा,” तिने त्या येड्याला सांगितलं.

तो गेला. एकही रस्ता न राखता, एकाही रस्त्यावर दोनदा पाय न ठेवता शेवटच्या चौकात पोचला आणि आनंदाने त्याने उडी मारली. फळ्याखालचे खडू गेले कोपऱ्यात. पोरांनी टाळ्या पिटल्या. इतक्या वर्षांत या जागेपर्यंत जी मोजकी मुलं पोचली होती त्यांना आदल्या रात्री बापाने उत्तर सांगितलेलं असायचं.

डॉ. स्प्रॅग उठले. तुलनेसाठी पलीकडच्या ट्रेलरमधली ‘मागे पडलेली मुलं’ त्यांना पाहायची होती. दारात थांबून त्यांनी मार्लिसचा हात दोन्ही हातांत धरला. “अशी मुलं लपत नाहीत,” ते म्हणाले. मार्लिसला ठसका लागला.

दुपारच्या सुट्टीत युनिस डबा घेऊन आली ती हसतच आली. “तुझी रत्नं माझ्याकडे होती हो आज.”

“काय केलं त्यांनी?”

“आधी रडारड. आम्ही इथले नाही, आमची चूक झाली, आमच्या आईला फोन करा. मी म्हटलं, बर्फातून चालत परत जायचंय का? मग बसली. मी गोष्ट वाचायला लागले, तर दर ओळीला हात वर. ‘मिस टॉलिव्हर, हे शास्त्रीयदृष्ट्या शक्य नाही.’ बोलणारं अस्वल आहे गोष्टीत, शास्त्र कुठलं आलंय! आणि तो थॅचर ऑस्टरहाउट, त्या वकीलबाईचा, तो थोड्या वेळाने टेबलाखाली जाऊन आडवा झाला. मला विचारतो, ‘इथे चुकलं तर चालतं का?’ मी म्हटलं, राजा, इथे लोक चुकायलाच येतात. मग जो सुखाने पडून राहिला म्हणतेस!”

“आणि डॉक्टर?”

“डॉक्टर माझ्या कानाशी लागून म्हणाले, ‘बिचारी. यांच्या घरी पुस्तकं नसावीत.’”

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग मार्लिस म्हणाली, “सांगायला हवं गं.”

“सांग की. आणि जा बालवाडीत.”

“तुला काय वाटतं?”

युनिसने डब्याचं झाकण लावलं. आता ती हसत नव्हती. “मला वाटतं, तू माझी मुलं वापरलीस. त्यांच्या जिवावर तुझा वर्ग वाचणार आणि ती माझ्याकडे थंडीत कुडकुडत बसणार. एवढंच वाटतं. सँडविच चांगलं होतं.”

हे मार्लिसला लागलं. पण तिने सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिली, आणि हफनेगलना पाहिलं की विषय बदलत राहिली.

पुढच्या डी दिवशी, तो तडजोडीनंतर दोन्ही पंथांना मान्य झालेला डी होता, झेपची मुलं येऊन बसली आणि त्यांच्या मागे दारात ओडेट उभी राहिली. हातात खाऊची तपकिरी कागदी पिशवी, उलगडून सपाट केलेली. तिच्यावर रंगीत खडूंनी अख्खं गाव काढलं होतं, खरं, आमचंच. जिथे गाडी अडकेल त्या प्रत्येक चौकात लाल फुली होती.

“आज आहे का?” तिने विचारलं.

“ओडेट, तुला दुसऱ्या ट्रेलरमध्ये जायचंय. त्या दिवशी चूक झाली होती.”

“कुणाची?”

“वाराची,” मार्लिस म्हणाली.

“बरं,” ओडेट म्हणाली. पिशवी तिने टेबलावर ठेवली, दार नीट ओढून घेतलं आणि गेली.

एखादं मूल हट्ट करतं, भोकाड पसरतं, तर त्याची समजूत तरी घालता येते. परत पाठवलं जायची जिला सवय आहे तिची समजूत कशी घालणार? दुसरीतल्या त्या परीक्षेत ओडेट पार खाली आली होती. तिला पटपट वाचता येत नव्हतं आणि घड्याळ थांबत नव्हतं. मार्लिसला स्वतःची लाज वाटली. शिकवताना तिचा आवाज इतका चढत राहिला की थॅचरने विचारलं, आम्ही काही चुकलो का.

डॉ. स्प्रॅगांचा अहवाल आला आणि हफनेगल कॉरिडॉरमध्ये शिट्टी वाजवत फिरले. अहवाल म्हणत होता की झेपच्या मुलांची विचार करण्याची पद्धतच निराळी आहे. सामान्य वर्गात ती गुदमरतील. त्यांच्यासाठी हा वर्ग चैन नव्हे, गरज आहे. शेजारच्या वाचन-मदतीच्या वर्गाबद्दल दोन सहानुभूतीच्या ओळी होत्या. तिथली मुलं चंचल आहेत, मजकुराशी भांडतात, एक तर फर्निचरखाली राहणं पसंत करतो. त्यांच्याकडून फार अपेक्षा न ठेवता प्रेमाने वागवावं, असा सल्ला होता.

मंडळाची सभा हायस्कूलच्या जेवणघरात भरली. अध्यक्ष ड्वेन पल्सिफर, गावातल्या गाद्यांच्या दुकानाचे मालक. आमच्या मंडळाची रीत अशी की आधी मतदान आणि मग जनतेचं म्हणणं, माणशी तीन मिनिटं, अंडी उकडायच्या गजराच्या घड्याळावर मोजून. त्यामुळे जनतेच्या म्हणण्याने निर्णय बिघडत नाही. त्या दिवशी खुर्च्यांवर झेपचे आईबाप खचाखच भरले होते. युनिसच्या मुलांचे आईबाप कुणी नव्हते, त्यांना कामाच्या पाळ्या होत्या आणि बोलावणंही नव्हतं. पहिल्या रांगेत डॉ. स्प्रॅग, त्यांच्या शेजारी थॅचरची आई ब्लेअर ऑस्टरहाउट, मागे भिंतीला टेकून युनिस.

पल्सिफरनी ठराव वाचला. डॉ. स्प्रॅग यांनी त्या दिवशी पहिल्या ट्रेलरमध्ये निरीक्षण केलेल्या अकरा मुलांची असामान्य प्रतिभा हे मंडळ मान्य करत आहे आणि झेप वर्ग पुढे चालू ठेवत आहे. सगळे हात वर गेले. टाळ्या झाल्या. मार्लिसला जे हवं होतं ते मिळालं होतं. कोट खुर्चीवर होता, गाडी दाराशी होती. गप्प घरी जायला कुणी अडवत नव्हतं.

तिच्या डोळ्यांपुढे ती सपाट केलेली पिशवी होती. ती उठून माईकशी गेली.

“आभार मानायचे असतील तर थोडक्यात,” पल्सिफर म्हणाले आणि गजर लावला.

“डॉक्टरांनी पाहिली ती माझी मुलं नव्हती,” मार्लिस म्हणाली. “ती युनिस टॉलिव्हरची होती, वाचन-मदतीची. आदल्या दिवशी बर्फाची सुट्टी होती, अर्ध्या शाळेला वाटलं डी, अर्ध्या शाळेला वाटलं ई. मला दार उघडल्या उघडल्या कळलं होतं. मी बोलले नाही, कारण मला माझा वर्ग वाचवायचा होता. अहवालात जे छान छान लिहिलंय ते सगळं ज्यांनी केलं, त्यांना आम्ही आजवर एकदाही झेपमध्ये घेतलेलं नाही.”

पल्सिफर ठरावाचा कागद उलटून बघू लागले.

“थांबा,” ब्लेअर ऑस्टरहाउट उभी राहिली. “म्हणजे माझा थॅचर वाचन-मदतीत बसला होता? तासभर?”

“बसला नव्हता, बाई. झोपला होता,” मागून युनिस म्हणाली.

“तरीच! रोज विचारतोय, टेबलाखालच्या वर्गात परत कधी जायचं! मला वाटलं त्याची कल्पनाशक्ती आहे!”

डॉ. स्प्रॅग लालबुंद झाले होते. “मी जे पाहिलं तेच लिहिलं आहे. माझ्या निरीक्षणात चूक नाही.”

“नाहीच डॉक्टर,” मार्लिस म्हणाली. “त्या मुलांना नीट बघणारे तुम्ही पहिलेच. ती कोण आहेत हे तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून जमलं.”

गजर वाजला. पल्सिफरनी त्यावर हात आपटला. “हा ठराव रद्द करा. आत्ताच्या आत्ता.”

मंडळाचे वकील घसा खाकरून म्हणाले, “वर्गाबद्दलचा भाग रद्द करता येईल. मुलांचा नाही. एकदा मान्य केलेली प्रतिभा परत घेता येत नाही, नियमच तसा आहे.”

“म्हणजे ती अकरा मुलं…”

“बारावीपर्यंत प्रतिभावान आहेत.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. ते पल्सिफरना झोंबलं. त्यांनी आयुष्यभर गाद्या विकल्या होत्या आणि परत आलेली गादी त्यांनी कधी घेतली नव्हती. “मग वर्गच बंद,” ते म्हणाले. “जूनपासून. कोण बाजूने?” हात पुन्हा वर गेले, मघाचेच. ब्लेअर ऑस्टरहाउट ओरडत होती, हफनेगल शिट्टी चाचपत होते, आणि मार्लिस खुर्चीवरून कोट उचलत होती. तिला रडू येत होतं आणि ते तिने लपवलं नाही.

पार्किंगमध्ये युनिसने तिला गाठलं. “बालवाडीत जाडे हातमोजे घेऊन जा. नाकं फार वाहतात.”

“युनिस, आता नको.”

“बरं, नको. पण माझी मुलं वाचायला माझ्याकडेच येणार हं. मंडळाने हुशार ठरवलं म्हणून अक्षरं काही आपोआप कळायला लागत नाहीत. डी दिवशी तू घे, ई दिवशी मी. आणि गरम ट्रेलरमध्ये, दोन्ही दिवशी.” तिने मार्लिसच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं आणि आपल्या गाडीकडे गेली.

पुढच्या डी दिवशी पहिल्या ट्रेलरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. झेपची मुलं होती आणि मंडळाने ठरवलेली अकरा होती. थॅचर आपण होऊन टेबलाखाली जाऊन बसला होता आणि तिथून रस्ते सुचवत होता. फक्त ओडेट अजून दारातच होती. दार उघडं, थंडी आत येत होती.

“ये ना आत. आता तुझं नाव आहे.”

“ट्रॅव्हनचं नाही?”

ट्रॅव्हन युनिसच्याच वर्गातला, तिच्या शेजारच्या बाकावरचा. “त्याचं नाही. त्या दिवशी तो शाळेत नव्हता ना?”

“उलट्या होत होत्या त्याला.”

“म्हणून त्याला कुणी पाहिलं नाही.”

ओडेटने विचार केला. “म्हणजे त्याला उलट्या झाल्या म्हणून तो हुशार नाही?”

या खोलीत मार्लिसने कितीतरी आईबापांना समजावलं होतं. टक्केवारी, कटऑफ, घंटेच्या आकाराचा तो आलेख. सगळं तिला तोंडपाठ होतं. यातलं काहीही आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडाकडे बघून म्हणता येईना.

“हो,” ती म्हणाली. “तसंच झालंय.”

“हे बरोबर नाही,” ओडेट म्हणाली. तिने दार सोडलं नाही.

“जा मग. घेऊन ये त्याला.”

“आत्ता?”

“आत्ता. जूनपर्यंत इथे कोण विचारतंय?”

ओडेट कोट न घालताच पळाली. बऱ्याच वेळाने बर्फातून बुटांची धपधप ऐकू आली, दार धाडकन उघडलं, आणि ट्रॅव्हनमागून आणखी चार पोरं आत शिरली, नाकं लाल, जोडे भिजलेले. त्या चारांतलं एकही युनिसचं नव्हतं आणि एकही झेपचं नव्हतं. परीक्षेत ना फार वर, ना फार खाली, अशी ती मुलं. ट्रेलर एका बाजूला कलला.

“ओडेट, मी एकाला सांगितलं होतं.”

“मी एकालाच विचारलं,” ओडेट धापा टाकत म्हणाली. “मग ही म्हणाली, मी का नाही. मग तो म्हणाला, मी का नाही. मला उत्तर आलं नाही.”

मार्लिसने टेपची गुंडाळी उचलली आणि सगळ्यांना भिंतीकडे सरकायला सांगितलं, म्हणजे गाव मोठं करता येईल.